उत्तराला न थांबणारी माणसं

सोमवार, ३ मार्च

सगळ्यात आधी कोण टपकलं, तर शेजारची शिंपीणबाई! ठमीची बॅग अजून लिफ्टमधून बाहेर यायची होती आणि ही बाई माझीच कात्री हातात घेऊन दारात. "मावशी, कात्री द्यायची राहिली होती." आठ महिने राहिली होती, आजच बरी आठवली! डोळे सगळे मागे लिफ्टकडे.

मग आल्या दोघी. माझी नात ठमी, आणि तिच्या ऑफिसातली मैत्रीण. मैत्रीण आल्या आल्या खिशातून बदाम काढून कुरतडायला लागली. पुढचे दोन दात जरा मोठे. मी मनात नाव ठेवलं, खारूताई. संध्याकाळी तोंडातून निसटलंच! पण हसली हो पोरगी. म्हणाली, "आजी, ऑफिसात मला याहून वाईट म्हणतात."

दोन आठवडे राहणार आहेत. ऑफिसात रंगकाम, आणि ठमीच्या घरी वरच्या मजल्यावर ठोकाठोक. "आजी, तुझ्याकडे शांत असतं." शांत तर आहेच. थोरली गेल्यापासून इतकं शांत, की फ्रिज घुरघुरला तरी मी "ओ" देते. थोरली म्हणजे माझी मोठी लेक, ठमीची आई. नोव्हेंबरात गेली — बस. आज आनंदाचा दिवस आहे, ते आज लिहायचं नाही.

फक्त एवढंच, की ठमीने सगळं घर पाहिलं, पडदे नवे का म्हणून विचारलं, आणि आईच्या फोटोकडे पाहिलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

माझं जेवायचं टेबल गेलं! दोन कॉम्प्युटर, वायरींचा गुंता, खारूताईचा बदामाचा डबा. मी आपली ताट मांडीवर घेऊन जेवले. पण मजा आली. घरात कुणीतरी कुणालातरी "अगं, ते बघ ना" म्हणतंय, हे ऐकूनच पोट भरतं.

मी विचारलं, नक्की करता काय दिवसभर? ठमी म्हणाली, "आजी, आम्ही खोटी माणसं बनवतो." घ्या! एवढं शिकून!

मग तिने नीट सांगितलं. मला समजलं तसं लिहिते. एका हॉस्पिटलमध्ये आत पेशंट असतो, बाहेर घरचे. दोघांना फोनवर एकमेकांना निरोप लिहिता यावेत म्हणून त्यांची एक लाइन आहे. वेबसॉकेट म्हणतात. पत्र टाकलं नि संपलं, असं नाही. फोन उचलून दोघांनी कानाला धरून ठेवावा तशी लाइन उघडीच राहते, कुणीही केव्हाही बोलावं. आता एकदम हजारो लोक बोलायला लागले तर ती लाइन टिकते का, हे बघायचं. हजारो खरी माणसं कुठून आणणार? म्हणून खोटी. जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत प्रत्येकाला लिहून द्यायचं, की तू दार वाजव, दार उघडलं की हे बोल, मग निघ. एकदा लिहिलं की तीच चिठ्ठी पाच हजार जणांच्या हातात! याला म्हणे लोड टेस्ट.

कुठलं हॉस्पिटल, ते मी विचारलं नाही. ठमीने सांगितलं नाही. दोघींनाही माहीत होतं.

बुधवार, ५ मार्च

खोटी माणसं काय बोलतात ते बघू म्हटलं. खारूताईने दाखवलं. "टेस्ट एक. टेस्ट दोन. हॅलो हॅलो." मला हसू आवरेना. आत कुणी आजारी पडलेलं आणि बाहेरचा म्हणतोय टेस्ट दोन!

"मग आजी, तुम्ही सांगा ना काय बोलतात."

सांगितलं भराभरा. पांघरूण घेतलंस का. डॉक्टर काय म्हणाले. सूप घशाखाली उतरलं का. शेजारच्या बाईचा रेडिओ बंद करायला सांग. चष्मा डाव्या खिशात आहे. आम्ही सगळे बरे आहोत, तू आमची काळजी करू नको. खारूताई टाइप करतेय, मी बोलतेय! चाळीस वाक्यं झाली. मग तिने असं लिहिलं, की प्रत्येक खोट्या माणसाने यादीतलं कुठलंही एक उचलायचं आणि पाठवायचं. म्हणजे माझं बोलणं पाच हजार तोंडांनी! शिंपीणबाईला सांगितलं पाहिजे.

एक वाक्य अर्ध्यावर आलं. "सावकाश ये —" मग म्हटलं, नको. ते नको लिहूस. खारूताईने पुसलं. ठमीने मान वर केली.

गुरुवार, ६ मार्च

गुरुवार म्हणून कपाटातलं चार्जिंगला लावलं. दोघी खाली दूध आणायला गेल्या तेवढ्यात.

शुक्रवार, ७ मार्च

एक गोष्ट रोज बघतेय. दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी ठमी उठते. कुणाला काही सांगत नाही. खुर्ची मागे सरते, ती खिडकीत जाऊन उभी राहते, मिनिटभराने परत येऊन बसते. पहिल्या दिवशी वाटलं पाठ आखडली असेल. आज घड्याळ बघितलं. थोरली गेली त्या दिवशी डॉक्टरांनी भिंतीवरचं घड्याळ बघून हीच वेळ लिहिली होती. कागदावर आहे ती. चार पाच.

तेव्हा थोरलीजवळ मी एकटी होते. ठमी कामाला परगावी गेलेली, पाच तासांच्या रस्त्यावर. आतल्या खोलीत फोनला रेंज नाही, होती ती फक्त हॉस्पिटलची ही लाइन. त्याच दिवशी एक बस उलटलेली. शेकडो माणसं आणली, त्यांचे सगळे घरचे एकदम लिहायला लागलेले. थोरलीचा फोन माझ्या हातात आणि त्यावर एक गोल नुसतं फिरतंय. फिरतंय.

ठमी सहाला पोहोचली. मला मिठीसुद्धा मारली नाही, आधी विचारलं, "माझा निरोप वाचला का तिने?" मी म्हटलं, वाचला. वाचून हसली तुझी आई.

तिच्या फोनवर "पोहोचला" अशी खूण नव्हती. पण तिने खुणेपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

शनिवार, ८ मार्च

आज टेस्टचा निकाल. पाच हजार माणसं आत सोडली आणि पडदा हिरवागार! एकही लाल ठिपका नाही. खारूताईने बदाम उडवून तोंडात झेलला. मी दोघींना अंडी करून घातली. ठमी म्हणाली, "बघ आजी, लाइन चांगलीच आहे. त्या दिवशीसुद्धा चांगलीच होती. आईला माझा निरोप मिळाला ना?"

मी म्हटलं, मीठ कमी पडलंय का बघ.

रविवार, ९ मार्च

शिंपीणबाई येऊन दोन तास बसली. पाच हजार तोंडांचं सांगितलं. म्हणाली, "मावशी, एका तोंडाने तुम्ही आम्हाला पुरून उरता, पाच हजार कशाला?" तिला चहा दिला, नाहीतर देणार नव्हते!

सोमवार, १० मार्च

आज मी मोठा घोळ करून ठेवला. की बरं केलं? देव जाणे.

झालं काय, ठमी तिची स्क्रिप्ट मला वाचून दाखवत होती. मीच म्हटलं होतं, माझी वाक्यं कशी जातात ते ओळीओळीने सांग. "हे बघ आजी, इथे लाइन उघडली. इथे तुझं वाक्य पाठवलं. इथे टिक केली, की काम झालं. एक सेकंद थांबून लाइन बंद."

मी म्हटलं, "आणि उत्तर?"

"कसलं उत्तर?"

"अगं, पांघरूण घेतलंस का म्हणून विचारलं ना त्याने? मग घेतलं की नाही, हे ऐकायला थांबत नाही होय तुझा माणूस? विचारतो नि चालता होतो?"

मी लाँड्रीत एकतीस वर्षं काढली. इकडून कपडे यायचे, प्रत्येकाला नंबराची चिंधी टाचायची, आत पाठवायचे. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी एकच चूक करायची. कपडा आत गेला की वहीत टिक! मी बोटावर फूटपट्टी मारायची. आत गेला म्हणजे झाला होय? आत हरवेल, जळेल, दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जाईल. गिऱ्हाईक त्याच नंबराचा कपडा हातात घेऊन दाराबाहेर पडलं की टिक. तोवर नाही.

हे सगळं मी लांबण लावून सांगितलं. शिंपीणबाईची सवय लागलीय मला. सांगता सांगता बघते तर ठमीचा चेहरा पांढरा. खारूताईचं कुरतडणं थांबलेलं.

"बरोबर आहे त्यांचं," खारूताई हळूच म्हणाली. "आपण पाठवलेलेच मोजतोय. पोहोचलेले मोजतच नाही आहोत."

"ही स्क्रिप्ट जुनी आहे," ठमी म्हणाली. "तीन वर्षांपूर्वीची. तीच आपण पुढे वापरली."

"कुणी लिहिली होती?" खारूताईने विचारलं.

ठमीने पडद्यावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. खारूताईने तिथलं नाव वाचलं आणि ठमीकडे बघितलं. मला वाचता आलं नाही, पण कळलं.

थोरलीला त्या हॉस्पिटलात ठेवायचं ठरलं तेव्हा ठमीच म्हणाली होती, "आजी, ती लाइन मी स्वतः तपासलीय. अजिबात काळजी करू नको."

मंगळवार, ११ मार्च

नवीन लिहिली. आता प्रत्येक निरोपाला नंबराची चिंधी. त्याच नंबराचं उत्तर आलं तरच टिक. दर अर्ध्या मिनिटाने लाइन विचारते, आहेस का? माणसाने हूं म्हणायचं. गोष्ट ऐकताना मुलं हूं म्हणतात ना, तसं. हूं आलं नाही तर समजायचं, तो गेला.

पाच हजार सोडले. पडदा लाल. जखमेसारखा लाल. दर दहातल्या तिघांना उत्तरच नाही.

दुपारी ठमीने हॉस्पिटलच्या माणसाला फोन केला. मोठ्या आवाजावर ठेवला होता, मी भांडी घासता घासता ऐकलं. तो म्हणाला, "मॅडम, खोट्या माणसांचं आम्हाला सांगू नका. बस उलटली त्या दिवशीसुद्धा आमची लाइन व्यवस्थित होती. एक तरी निरोप पोहोचला नाही असं कुणी म्हणालंय का?"

ठमीने फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "नाही. माझाही पोहोचला होता."

माझ्या हातातून बशी निसटली. फुटली नाही, स्टीलची होती. पण आवाज केवढा!

लाइन तशीच राहणार. उद्या दुसरी बस उलटेल. दुसरी कुणी म्हातारी ते गोल बघत बसेल. माझ्या एका शब्दामुळे.

पण तो शब्द काढून घेतला तर या पोरीकडे उरतं काय?

बुधवार, १२ मार्च

सकाळी भाजी निवडायला बसले आणि मुळं ठेवून पानं कचऱ्यात टाकली. मग उठले. कपाट उघडलं. साड्यांच्या घडीखालून थोरलीचा फोन काढला आणि टेबलावर ठमीपुढे ठेवला.

"हा हरवला म्हणाली होतीस."

"खोटं बोलले."

"चार्ज आहे पूर्ण!"

"दर गुरुवारी करते. उघडत नाही. नुसता जिवंत ठेवते."

मग सांगितलं. तुझा निरोप आलाच नाही, बाळ. तिने वाचला नाही. हसली नाही. गोल फिरत होतं. तू दारात आलीस तेव्हा तुझं तोंड बघून माझ्या तोंडून निघालं ते.

ठमी ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. खारूताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. शहाणी आहे मुलगी.

ठमीने फोन घरातल्या नेटला जोडला. ती लाइन उघडली. गोल फिरलं. चार महिन्यांपूर्वी फिरत होतं तिथूनच जणू पुढे! आणि थांबलं. टिंग. ठमीचा निरोप आला. "निघाले आई. पोहोचतेच. माझी वाट बघ." चार महिने कुठे होता, कुठल्या दाराशी उभा होता बिचारा!

त्याच क्षणी ठमीच्या फोनवरही टिंग. मी विसरले होते. खरंच विसरले होते. इकडूनही एक अडकलेला होता.

"सावकाश ये. मी बरी आहे. घाई करू नको."

ठमी वाचतच राहिली. दोन्ही फोन शेजारी शेजारी धरून. मग म्हणाली, "हे आईने सांगितलं?"

"माझ्या हाताने लिहिलं. मला कुठे भरभर येतं, एकेक अक्षर शोधून."

"पण सांगितलं आईने?"

"हो."

ती कितीतरी वेळ बघत होती. मग मान डोलावली. "आई असंच म्हणायची." आणि मग रडली. नोव्हेंबरापासूनचं सगळं रडली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, भाजीच्या मुळांत केस. मीही रडले. खारूताई नळ बंद करून आली, तीही!

अर्धं सांगून झालं. हलकं वाटतंय. अर्धंच हलकं.

गुरुवार, १३ मार्च

ठमीने हॉस्पिटलला लिहून दिलं. जुनी टेस्ट माझी, चूक माझी, माझा स्वतःचा निरोप पोहोचला नाही, हा फोन पुरावा. खारूताई म्हणाली, "नोकरीवर येईल गं." ठमी म्हणाली, "येऊ दे."

तिच्या साहेबांचा फोन आला. बराच वेळ ती नुसतं "हो सर" म्हणत होती. ठेवल्यावर म्हणाली, "काढलं नाही. पण आता सगळ्या जुन्या टेस्ट मीच पुन्हा करायच्या." काल असती तर कोसळली असती. आज उठली आणि दुसरी टेस्ट काढली.

चार पाचला खिडकीत गेली. आज लवकर परतली नाही. चांगला पाव तास उभी. चहा निवला. मी म्हटलं, अगं किती वेळ? म्हणाली, "आले आजी. अजून थोडं."

शुक्रवार, १४ मार्च

हॉस्पिटलचा माणूस आज मऊ बोलला. लाइन दुरुस्त करतो, मग पुन्हा टेस्ट घ्या म्हणाला. खारूताईने माझी चाळीस वाक्यं पुन्हा वाचून दाखवली आणि विचारलं, "आजी, ते एक राहिलं होतं ना? घालू का?"

ठमी कॉम्प्युटरमधून मान न काढता म्हणाली, "घाल. सावकाश ये. चांगलं वाक्य आहे."

शनिवार, १५ मार्च

गेल्या. टेबल मोकळं झालं, मेलं किती मोठं दिसतंय! बदामाची सालं खुर्चीखाली सापडली. झाडली नाहीत अजून.

जाण्याआधी ठमी फोटोपुढे उभी राहिली. काचेवरची धूळ ओढणीने पुसली. थोरलीचा फोन माझ्याच हातात दिला. "तुझ्याकडेच राहू दे. गुरुवार चुकवू नको." माझ्या फोनवरसुद्धा निरोपाची लाइन घालून दिली आणि कसं लिहायचं ते तीनदा शिकवलं. शिंपीणबाई निरोप द्यायला हजर होतीच. यावेळी सुई परत करायला.

रविवार, १६ मार्च

आज स्वतः निरोप लिहिला. "पोहोचलात का." त्याच्याखाली बारीक आकडे उमटले. शिंपीणबाईला विचारलं, हे काय गं? "मावशी, लिहून पाठवल्याची वेळ. प्रत्येक निरोपाखाली असतेच." ती गेल्यावर थोरलीचा फोन काढला, चष्मा लावला. माझ्या त्या निरोपाखाली आहे, चार वीस.

थोरली गेली होती तेव्हा. तिने काहीच सांगितलं नव्हतं. पोरगी गाडी पळवत येतेय, हिचंही काही होऊ नये, म्हणून मीच लिहिला. डॉक्टरांनी वेळ घातल्यावर लिहायला घेतला, पाव तास लागला. ठमीने ते आकडे पहिल्या क्षणीच पाहिले असणार. दिवसभर आकडेच बघते ती! तरी "सांगितलं आईने?" विचारलं, मी "हो" म्हटलं, आणि तिने मान डोलावली. आता कळतंय, गुरुवारी पाव तास खिडकीत का उभी होती.

टिंग. उत्तर आलं. "पोहोचलो आजी. सावकाश आलो. तीस तारखेला परत येतो."

तीस मार्च. रविवार आहे.